विहीणबाईंचा श्वास

कादंबरीच्या आईची वाचा गेली आणि ती एका बँडमास्तराशी झालेल्या भांडणात गेली, ही बातमी टोकियोतल्या ओजिमाच्या वसाहतीत सकाळी पसरली. दुपारपर्यंत तिला एक तिसरा नवरा येऊन चिकटला. संध्याकाळी कादंबरी कामावरून परतली तेव्हा दाराच्या मुठीला पिशव्या लटकत होत्या. एकीत वरणभाताचा डबा, दुसरीत मुगाची खिचडी आणि तिसरीत चक्क शिरा. शिरा पाठवणारीच्या कानावर बातमीचा नेमका कोणता भाग गेला होता, देव जाणे.

खुद्द नयनाताई, म्हणजे कादंबरीची आई, त्या दिवशी नाशिकला आपल्या पहिल्या आणि एकुलत्या एका नवऱ्यासोबत जेवून, वामकुक्षी आटोपून, खणखणीत आवाजात कुरिअरवाल्याशी भांडत होत्या. ते भांडण अर्धवट टाकून त्यांनी टोकियोला फोन लावला.

"कादंबरी, मी तिसरं लग्न केलं म्हणे?"

"कोण म्हणालं, आई?"

"तुझ्या त्या शेजारणीच्या सासूबाई. पुण्याहून फोन केला होता. मी नुसतं 'हॅलो' म्हटलं तर बाई किंचाळल्याच. म्हणाल्या, अहो, तुम्हाला बोलता येतंय?"

"बाबा कुठं आहेत?"

"हे काय, समोर पेपर वाचतायत. त्यांना सांगितलं तर म्हणाले, आधी दुसरा कोण होता ते विचार."

कादंबरीनं कपाळाला हात लावला आणि पलीकडच्या खोलीत बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं. नाना गॅलरीच्या दारात खुर्ची टाकून खालच्या सायकल-स्टँडकडे बघत होते. आपल्यामुळे तीन शहरांत काय चाललंय याचा त्यांना पत्ता नव्हता. ऐकूच येत नव्हतं, तर पत्ता लागणार कसा?

या सगळ्याच्या मुळाशी एक गाणारी बाई होती. रोझालिया वेलिंस्का तिचं नाव. युरोपातली मोठी ऑपेरा गायिका, आता साठीच्या पुढची. मिरजेला नानांच्या घरी ती शिरली ती माईंच्या मोबाईलमधून. माई, म्हणजे कादंबरीच्या सासूबाई, कन्याशाळेत गायन शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर कुणीतरी पाठवलेलं या बाईचं एक गाणं त्यांच्या हाती लागलं आणि रोज दुपारी भाजी निवडताना ते लागायला लागलं. नाव काही जिभेवर बसेना. "वेलिंस्का काय न् फिलिंस्का काय! मी आपली विहीणबाईच म्हणणार," माई म्हणाल्या. "विहिणीसारखाच तोरा आहे. आधी सगळ्या वाजवणाऱ्यांना ताटकळत ठेवते आणि मग तोंड उघडते." झालं. तेव्हापासून त्या घरात दोन विहीणबाई नांदू लागल्या, एक नाशिकच्या आणि एक ऑपेराच्या.

आणि वादही तेव्हापासूनचाच. त्या गाण्याच्या शेवटी एक लांबच लांब ओळ आहे. वर चढते, वळते, आता संपली म्हणावं तर पुन्हा वर जाते. माईंचं म्हणणं, बाई ती आख्खी ओळ एका श्वासात म्हणते. नानांचं म्हणणं, अशक्य. नाना सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. "हे जोडकाम आहे," ते सांगत. "दोन वेळा गाऊन घ्यायचं आणि चिकटवायचं. पुलाचा सांधा मला दिसतो, हा ऐकू येतो." माई म्हणत, "तुमच्या खात्यानं बांधलेल्या पुलांबद्दल बोलूच नका." मोबाईलवर बाईचा फक्त एक फोटो दिसायचा, तोही हसरा. श्वासाचा पुरावा त्यातून निघत नव्हता. म्हणून वाद वर्षानुवर्षं टिकला, मुरला. पाहुण्यांपुढे काढण्याइतका तो त्यांच्या आवडीचा झाला.

मग माईंच्या फुप्फुसांनीच दगा दिला. शेवटी शेवटी त्यांना स्वतःला दोन शब्दांच्या मध्ये थांबावं लागे. तरीही गाणं लावून त्या बोट वर करत आणि ओळ संपली की म्हणत, "नाही... घेत... ती." नाना म्हणत, "बरं." एवढ्या संसारानंतर नानांचं 'बरं' म्हणजे 'हो' नव्हे हे माईंना माहीत होतं. "बरं... नको. हो... म्हणा." नानांनी हो म्हटलं नाही. खात्यातला माणूस, प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय. माई गेल्या. टोकियोहून विमान, मग गाडी, असं करत कादंबरी मिरजेत पोचली तेव्हा अंगण धुऊन झालं होतं, आणि नाना ओल्या फरशीकडे बघत उभे होते.

त्यानंतर नाना बोलायचेच बंद झाले. अंबरीषनं, म्हणजे कादंबरीच्या नवऱ्यानं, त्यांना हट्टानं टोकियोला आणलं. अंबरीष इथल्या एका संस्थेत प्रथिनांच्या घड्यांवर संशोधन करतो. त्याला घरातल्या कपड्यांच्या घड्या दिसत नाहीत, पण वडिलांचं गप्प राहणं दिसलं. टोकियोत येऊन नाना मिरजेइतकेच गप्प राहिले, एवढंच झालं. शेजारच्या स्वप्नानं सुचवलं, त्यांना बोन्सायच्या वर्गाला घाला. अंबरीषच्या बॉसनी सुचवलं, गरम पाण्याचे झरे. उरायासुच्या एका डॉक्टरबाईंनी सुचवलं, त्यांना एकटं सोडा. ते सगळ्यात वाईट होतं, कारण ते नानांना आवडलं.

कादंबरी ओजिमा स्टेशनजवळच्या एका बेंतोच्या, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांच्या, दुकानात आरुबाइतो करत होती. अर्धवेळ कामाला इथं हेच म्हणतात, आणि 'मी आरुबाइतो करते' असं म्हटलं की 'मी वडे तळते' यापेक्षा जरा बरं वाटतं. तिच्या शेजारी उभ्या राहून भात भरणाऱ्या सुगिमोतो-सान सत्तरीच्या. दिसायला अगदी मऊ, अबोल, वाकून वाकून बोलणाऱ्या. पण मिनातोहामा ऑपेरा हाऊसच्या रसिक मंडळाच्या जुन्या सभासद. त्या थिएटरात कोण कुणाशी बोलत नाही, कुणाचा पोशाख कुणी मुद्दाम घट्ट शिवला, हे सगळं त्यांच्या पोटात. ते बाहेर यायच्या आधी त्या तोंडावर हात धरत आणि म्हणत, "कोको दाके नो हानाशी..." म्हणजे, हे आपलं इथल्या इथं हं. कादंबरीच्या ध्यानात आलं की माणसं सगळीकडे सारखीच. मिरजेत तोंडावर पदर धरतात, इतकंच.

एक दिवस भाताच्या डब्यावर काळे तीळ भुरभुरवत सुगिमोतो-सान म्हणाल्या, "या सीझनला वेलिंस्का-सान येणार. निरोपाचा दौरा. यानंतर रंगमंचावर गाणार नाहीत म्हणे."

कादंबरीनं ते रात्रीच्या जेवणाला सहज सांगितलं. नानांच्या हातातला घास ताटात परत गेला.

"कधी?" त्यांनी विचारलं.

मिरज सोडल्यापासून नानांनी कुणाला विचारलेला हा पहिला प्रश्न. अंबरीषनं बायकोकडे पाहिलं. कादंबरीनं होईल ते करून त्या 'कधी'चा मान राखायचं ठरवलं. आपण काय ओढवून घेतोय याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

आता ऑपेरा हाऊसचा सीझन ही काय चीज असते ते सांगायला हवं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, छापील वेळापत्रक आहे, त्याप्रमाणे माणसं येतात आणि गातात. आतून ते एखाद्या मोठ्या लग्नघरासारखं असतं. सगळे रुसलेले, आणि मांडव मात्र सजलेला. फेब्रुवारीत सुगिमोतो-साननी बातमी आणली की वेलिंस्काबाईंची आणि वाद्यवृंदाच्या संचालकाची जुंपली. संचालकाला गाणं जलद हवं, बाईंना संथ. मार्चमध्ये बातमी आली की बाईंचा आवाज बसलाय. मग, बसलेला नाही, त्या रुसल्यात. मग, रुसलेल्या नाहीत, त्यांनी तिसरा नवरा सोडला आणि कुत्रा मात्र ठेवून घेतला. ऑपेरा हाऊस अधिकृतपणे एवढंच सांगे, 'ताइचो फुर्यो', तब्येत ठीक नाही. सुगिमोतो-सान म्हणत, "आमच्याकडे कुणी भांडत नाही, कादंबरी-सान. सगळ्यांच्या तब्येती बिघडतात."

ही प्रत्येक बातमी घरी आणायचं काम कादंबरीचं. ती दारात चपला काढते न काढते तोच नाना विचारत, "काय म्हणतायत विहीणबाई?" नाना पुन्हा बोलू लागले. संचालकाला ते बँडमास्तर म्हणत. त्यांनी त्याच्यावर मनापासून राग धरला. जेवायला मागू लागले. ज्ञानदाला, पंधरा वर्षांच्या नातीला, मराठीत विचारून जपानीत उत्तर मिळालं तरी ते मान डोलावू लागले. आणि एके दिवशी गॅलरीत उभं राहून त्यांनी मिरजेच्या मित्राला फोन लावला. ज्याला ऐकू कमी येतं तो मोठ्यानं बोलतो, आणि ओजिमाच्या इमारतीत दोन घरांच्या गॅलऱ्यांमध्ये फक्त एक पातळ पत्रा असतो.

"अरे, विहीणबाईंचा आवाज गेला म्हणे! हो, हो, कादंबरीच सांगत होती. बँडमास्तराशी कडाक्याचं भांडण... तिसरा नवरा सोडला... कुत्रा ठेवलाय!"

पत्र्यापलीकडे स्वप्ना कपडे वाळत घालत होती. कादंबरीची आई म्हणजे नानांची विहीणबाई, हे नातं स्वप्नानं बरोबर लावलं. तिचं मराठी चोख होतं, हीच अडचण झाली.

"मी ग्रुपवर फक्त एवढंच लिहिलं, की प्रार्थना करा," डबे परत न्यायला आली तेव्हा स्वप्ना पडेल चेहऱ्यानं म्हणाली.

"अगं, पण विचारायचं तरी!"

"असं कसं विचारणार? आईंची वाचा गेली का गं, असं विचारायचं? बरं, ते दुसऱ्याचं काय?"

"दुसऱ्या कशाचं?"

"नवऱ्याचं. तिसरा सोडला म्हणजे..."

"स्वप्ना, शिरा कुणाचा होता ते सांग आणि जा."

नयनाताईंनी नानांशी बोलणं टाकलं. वास्तविक आधीही त्या वर्षातून दोनदाच बोलत, संक्रांतीला आणि दिवाळीला, पण आता त्यांनी ते ठरवून टाकलं. "माझी जागा एका नाटकवालीला दिली, तर तिच्याशीच तिळगूळ घ्या म्हणावं," त्या लेकीला म्हणाल्या. नानांना हे ओरडून सांगितलं तेव्हा ते कित्येक महिन्यांनी हसले. मग एकदम थांबले. "माई असती तर..." म्हणाले, आणि उठून आतल्या खोलीत गेले.

त्याच सुमारास कादंबरीच्या दुसरं एक लक्षात आलं. जपानी घरात सगळी यंत्रं गातात. भात झाला की कुकर गातो, धुणं झालं की मशीन गातं, आंघोळीचं पाणी तापलं की भिंतीतून एक बाई गोड आवाजात कळवते. नाना आले तेव्हा या गाण्यांना वैतागत. "अरे, भात झाला ते कळलं, सत्कार काय करायचा त्याचा?" असं म्हणत. एप्रिलमध्ये कुकर गायला आणि नाना तसेच पेपर वाचत राहिले. मग मशीन गायलं. नानांनी मान वर केली नाही.

कानाच्या डॉक्टरांनी कागदावर एक उतरती रेघ काढून दाखवली. उंच स्वर आधी जातात, ते म्हणाले. पुरुषाचं बोलणं टिकेल काही काळ. पक्षी, घंटा, बायकांचा वरचा आवाज, हे आता निघालेत. यंत्र लावू, पण गेलेलं परत आणता येत नाही.

"म्हणजे विहीणबाईंचं किती उरेल?" नानांनी विचारलं.

अंबरीषनं प्रश्न जपानीत नेला. डॉक्टरांनी रेघेच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं. "लवकर ऐका," ते म्हणाले.

आणि नेमका तेव्हाच ऑपेरा हाऊसनं खेळ पुढे ढकलला. ताइचो फुर्यो. कुणाची, ते सांगितलं नाही. सुगिमोतो-सान म्हणाल्या, बाई आणि बँडमास्तर, दोघांचीही. नवी तारीख आली ती नानांचा व्हिसा संपल्यानंतरची.

व्हिसाच्या कचेरीत ज्ञानदाला बरोबर नेलं ही एक चूक. दुसरी चूक म्हणजे कादंबरी ऐन वेळी कागदांच्या प्रती काढायला खालच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, गेली. ती रांगेत उभी असताना वर नानांचा नंबर आला. खिडकीतल्या गृहस्थांनी नम्रपणे विचारलं, मुक्काम कशासाठी वाढवायचा?

नाना म्हणाले, "सांग त्यांना बाळ, विहीणबाईंना ऐकल्याशिवाय मी काही परत जात नाही."

ज्ञानदाचं मराठी शनिवारच्या वर्गातलं. नात्यांची परीक्षा तिनं तिथं चांगल्या गुणांनी दिली होती. तिनं शब्दाला शब्द ठेवला. आजोबांना त्यांच्या सुनेच्या आईचं ऐकायचं आहे.

"त्या जपानमध्ये राहतात?"

"नाही. नाशिकला."

"आजोबा कुठं राहतात?"

"मिरजेला. म्हणजे नाशिकजवळच. भारतातच."

गृहस्थांनी दातांतून हवा आत ओढली. या देशात तो आवाज आला की समजावं, काम अवघड आहे. "मग त्यांचं ऐकायला यांनी जपानमध्ये थांबणं गरजेचं आहे का?"

"आजोबा म्हणतात, इथंच ऐकणार."

कादंबरी धापा टाकत आली तोवर गृहस्थांनी नयनाताईंचं पारपत्र, नात्याचा दाखला आणि जपानमधला पत्ता मागितला होता. तिनं ऑपेरा, फुप्फुसं, माई, वाद असं सगळं एकदम सांगायला घेतलं आणि ते सगळं तिच्या वडे तळण्याच्या जपानीत निघालं. कुणाचं फुप्फुस आणि कुणाची विहीण, याचा जो काला झाला तो तिचा तिलाही निवडता येईना. शेवटी तिनं हॉस्पिटलचा कागद पुढे केला. कानाचं यंत्र बसवायला दोन भेटी बाकी होत्या.

गृहस्थांनी कागद वाचला. मग नानांकडे बघून हळूच विचारलं, "म्हणजे कान नीट झाल्यावर यांना सुनेच्या आईचं ऐकता येईल?"

"हो," कादंबरी हताशपणे म्हणाली.

"स्वतःहून ऐकायचं म्हणतात?" गृहस्थांनी विचारलं. आपल्या घरचा काहीतरी विचार त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेला. मुक्काम वाढवून मिळाला.

तिकिटं सुगिमोतो-साननी आपल्या सभासदत्वावर काढून दिली, वरच्या सज्जातली. स्वप्नानं नानांना नेसवायला, म्हणजे घालायला, नवऱ्याचा सूट आणून दिला. त्यात आणखी एक नाना मावले असते. नानांनी आपला पांढरा शर्ट आणि कोट घातला, आणि खिशात माईंचा मोबाईल ठेवला. तो चालू नव्हता.

दुपारचा खेळ. दारात पोचले तर सुगिमोतो-सान तोंडावर हात धरून उभ्याच. कुजबुज अशी होती की बाईंचा घसा सकाळपासून धरलाय, एक तरुण कोरियन गायिका मेकअप करून तयार बसलीय. पडदा उघडेपर्यंत कुणालाच ठाऊक नव्हतं कोण गाणार. नानांनी दुर्बीण भाड्यानं घेतली आणि ती तपासून घेतली, दोन्ही डोळ्यांनी, मग एकेका डोळ्यानं.

बाई आल्या. त्याच होत्या. मोबाईलवरच्या फोटोपेक्षा खूप थकलेल्या, जाड, केस कलप लावलेले. नाना पुटपुटले, "आल्या बरं का." कुणाला सांगितलं ते कादंबरीनं ओळखलं.

त्या सभागृहातली शांतता अशी होती की कादंबरीला आपल्या बांगड्यांची लाज वाटली. जपानी माणूस गाणं ऐकताना खोकला घरी ठेवून येतो. आणि त्या शांततेत दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला एक बारीक शिट्टी वाजू लागली. सगळ्या माना हळूहळू हलल्या. ज्याच्या कानात ती वाजत होती त्या एकट्यालाच ती ऐकू येत नव्हती. नानांचं यंत्र.

काळ्या पोशाखातली एक मुलगी वाकत वाकत आली, गुडघ्यावर बसली आणि तिनं छोट्या दिव्याखाली 'कानाचं यंत्र तपासा' अशी जपानी पाटी धरली. नानांना वाटलं, चहाचं विचारतेय. त्यांनी 'नको' अशी मान हलवली. मुलीनं पुन्हा पाटी धरली. नाना मोठ्यानं म्हणाले, "शुगर आहे मला!" कादंबरीनं डोळे मिटले. तिनं खुणेनं यंत्र दाखवलं, शिट्टीची खूण केली. नाना समजले. त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढली आणि सुपारीच्या डबीत ठेवून डबी मिटली.

"नाना, पण गाणं..." ती ओठ हलवून म्हणाली.

नानांनी दुर्बीण उचलून दाखवली. पाहणीला आलो होतो, असा काहीसा भाव.

शेवटच्या अंकात ते गाणं आलं. कथेतली बाई नदीकाठी उभी, आता उडी घेणार. वाजवणारे ताटकळत थांबले, आणि मग विहीणबाईंनी तोंड उघडलं. कादंबरीनं मिरजेच्या स्वयंपाकघरात ते गाणं भाजीच्या टोपलीशेजारी ऐकलं होतं. इथं ते अंगावर आलं. तिनं नानांकडे पाहिलं आणि मग पाहतच राहिली. ऐकू येत नसलेला माणूस दुर्बीण डोळ्याला लावून पुढे झुकला होता. ती लांब ओळ सुरू झाली तसा नानांनी स्वतःचाच श्वास धरला. गळ्याची शीर ताठ झाली. ओळ चढली, वळली, पुन्हा चढली. आपण रंगमंचाकडे बघायला हवं, साक्षीदार व्हायला हवं, हे कादंबरीला कळत होतं, पण नजर हलेना. एकाएकी नानांचे खांदे सैल पडले. ओळ अजून चालू होती. त्यांनी दुर्बीण खाली घेतली, घाईघाईनं तिच्या मांडीवरच्या पर्समध्ये काहीतरी कोंबलं, आणि ते उठायला लागले.

शेवटचा सूर विरला. इथं लोक सूर पूर्ण विरेपर्यंत थांबतात, मगच टाळी पडते. त्या थांबण्यात, त्या स्वच्छ शांततेत, नाना सज्जाच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि आपला आवाज आपल्यालाच ऐकू येत नसलेल्या माणसाच्या पूर्ण ताकदीनं ओरडले,

"वन्स मोअर!"

दोन हजार माणसं वळली. बँडमास्तराची काठी हवेत राहिली. खाली रंगमंचावर त्या थकलेल्या बाईनं मान वर करून सज्जाकडे पाहिलं, डोळ्यांवर हाताचा आडोसा करून, अंधारात कोण आहे ते शोधल्यासारखं. मग तिनं छातीवर हात ठेवला आणि थोडीशी वाकली. आणि मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. नाना मात्र टाळी न वाजवता वाट बघत उभे होते. अजूनही बाई सुरुवात करेल म्हणून. बँडमास्तरानं काठी खाली आणली, पुढचं वाजू लागलं, बाईंनी नदीत उडी घेतली. मग ते बसले.

बाहेर दालनात कादंबरीनं काळ्या पोशाखातल्या त्या मुलीची, तिच्या वरिष्ठांची आणि घाईत एका खांबाचीही माफी मागितली. सुगिमोतो-सान धावत आल्या. त्यांचे गाल लाल झाले होते. "कोको दाके नो हानाशी... सगळे विचारतायत तो वृद्ध गृहस्थ कोण. काही म्हणतात परदेशी समीक्षक. काही म्हणतात," त्यांनी तोंडावर दोन्ही हात धरले, "वेलिंस्का-सानचा पहिला नवरा. इतक्या वर्षांनी शेवटचं ऐकायला आला."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हटलं, मला काही ठाऊक नाही," सुगिमोतो-सान आनंदानं म्हणाल्या. याचा अर्थ आठवडाभरात ते सगळ्यांना ठाऊक होणार होतं.

स्टेशनकडे जाताना नाना दमले. एका बाकावर दोघं बसली. ऊन खाडीवर कलतं झालं होतं. नानांनी डबी उघडून यंत्रं कानात घातली.

कादंबरीनं त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "नाना, घेतला का श्वास?"

"घेतला," नाना म्हणाले. "शेवटच्या चढणीच्या आधी. खांदा उचलला तिनं. चोरून नाही, चांगला उघड घेतला. म्हातारी झालीय गं, दमते."

"म्हणजे तुमचंच खरं निघालं."

नानांनी मान हलवली. जिंकल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. कोटाच्या खिशावर त्यांचा हात होता.

कादंबरीनं रेल्वेचं कार्ड काढायला पर्स उघडली आणि आत दुर्बीण लागली. भाड्याची, परत द्यायची राहिलेली. ती दुर्बिणीकडे बघत राहिली. म्हणजे यांनी ही आधी पर्समध्ये टाकली, आणि मग ओरडले.

"नाना, वन्स मोअर म्हणालात, आणि दुर्बीण आधीच ठेवून दिलीत? पुन्हा गायली असती तर बघणार कशानं?"

"बघायचंच नव्हतं दुसऱ्यांदा," नाना म्हणाले. "दुसऱ्या वेळेला तुझ्या सासूचं खरं धरायचं होतं."